फकिराची पाठ

फुलंब्रीच्या पुढं डोंगराकडेच्या एका वस्तीत द्वारकाबाईचे वडील हाडं बसवायचे. आधी बैलांची, मग माणसांची. त्यांना मुलगा नव्हता, म्हणून ती विद्या मुलीच्या हातात आली. निखळलेला खांदा, मुरगळलेला घोटा, धरलेली पाठ. बोटांनी चाचपायची, एक झटका द्यायची आणि माणूस उठून चालू लागायचा.

बहात्तरच्या दुष्काळात विहिरींनी तळ गाठला, तेव्हा ती नवऱ्याबरोबर औरंगाबादला आली. फकिरा शहागंजात हमाली करू लागला. शहराबाहेर नव्या वसाहती उठत होत्या. तिथं विटा वाहणाऱ्या बाया संध्याकाळी द्वारकाबाईच्या खोपटात येऊन पालथ्या पडत. उद्या कामावर जाता यावं, एवढंच त्यांना हवं असे. तेवढं ती करून द्यायची. तिचं नाव झालं. कन्नडहून माणसं एसटीनं येऊ लागली.

पुढच्या उन्हाळ्यात फकिराची पाठ दुखू लागली. पोती वाहून दुखणारच, असं दोघांनाही वाटलं. ती रोज तेल लावून मणके दाबायची. कट्‌ असा आवाज यायचा, तो सुस्कारा सोडायचा आणि सकाळी पुन्हा ओझ्याखाली जायचा. तो वाळत चालला होता. पण त्या साली कोण वाळलं नव्हतं? दिवस कलला की त्याचं अंग तापायचं. उन्हाचं असेल, असं ती म्हणायची.

एका सकाळी तो उठायला गेला आणि तिथंच कोसळला.

"द्वारके, पायच नायत मला," तो म्हणाला.

दवाखान्यात फोटो काढला. मणक्याचा क्षय होता. आतून हाड पोखरलं होतं.

"पाठीला काय करत होतात?" डॉक्टरांनी विचारलं.

"दाबत होते. बसवत होते."

"रोग तुमच्यामुळं झाला नाही, बाई. पण असल्या मणक्याला झटका द्यायचा नसतो. आणि आधी आणलं असतं तर पाय वाचले असते."

औषधांनी ताप गेला. जीव राहिला, पाय आले नाहीत.

घरी आल्यावर तिनं कुणालाच हात लावला नाही. बाया दारात बसून परत जायच्या. फकिरा खाटेवरून ते बघायचा.

"तुझ्या हातानं मला बरं वाटायचं," तो एकदा म्हणाला. "ते काय खोटं नव्हतं."

"म्हणूनच तर कळलं नाय," ती म्हणाली.

पोटासाठी तिनं पुन्हा काम सुरू केलं. घोटे, खांदे बघायची. पाठ मात्र आधी फोटो काढून आणल्याशिवाय धरायची नाही. बद्रीनाथ गवंडी तिच्यावर चिडला.

"दवाखान्यात दिवस मोडायचा, तर तुझ्याकडं कशाला आलो?"

"ताप येतो का सांजचा?"

"येतो कधीमधी. त्याचं काय?"

"मग जा लवकर. माझ्याकडं नको."

तो गेला, पण दुसऱ्या मालिशवाल्याकडं. पुढं त्याचं काय झालं, तिला कधी समजलं नाही.

शहर वाढत खोपटाच्या पुढं निघून गेलं. फकिरा खाटेवरच म्हातारा झाला. पडून पडून पाठीला झालेल्या जखमा चिघळल्या आणि त्यातच तो गेला. शेवटची अंघोळ घालताना बायांनी तिला बाजूला बसायला सांगितलं. तिनं ऐकलं नाही. त्याला कुशीवर वळवून खचलेल्या मणक्याच्या उंचवट्यावरून ओलं फडकं हळूच फिरवलं. मग मागं सरकली आणि अंघोळ घालणाऱ्यांना म्हणाली, "घ्या आता."