शिपायाचं पान

“माझा सासरा कुठं नेला रं तुमी?”

कडावच्या फाट्यावर उभी राहून माझी चुलती ओरडत होती. आवाज असा, की तिकडं शेलूच्या फलाटावरही चार माणसांनी वळून पाहिलं असणार. सर्वपित्रीचा दिवस. हातात केळीचं पान, पानावर भात, वडा, खीर. आणि पान ठेवायला जागाच नाही.

तिचा सासरा, म्हणजे माझा आजा, मोठ्या लढाईत परमुलखात गेला, परत आली ती नुसती तार. गावानं फाट्यावर खांब उभारला, त्यात त्याच्या नावाची शिळा बसवली. देह कुणी पाहिलाच नव्हता, म्हणून चुलतीच्या घरचं पान दरवर्षी तिथंच. नवरदेव तिथं नारळ फोडायचे, म्हशी पाठ खाजवायच्या. दोघांचंही समाधान व्हायचं. मग रस्ता रुंद झाला, खांब पाडला, शिळा गायब. त्या जागी चहाची टपरी आली. ‘शिपायाचा खांब’ म्हणणारी पोरं ‘कटिंगचा फाटा’ म्हणू लागली.

शिळा कुणी नेली? माझा संशय आधी ठेकेदारावर, मग दहिवलीच्या बंगलेवाल्यावर. त्याच्या बागेतला बाक फारच ओळखीचा वाटत होता. पुढं पुढं तर ज्याच्या दारात दगडी पायरी, तो माझ्या लेखी चोर. बायकोच्या माहेरचा पाटासुद्धा मी उलटा करून पाहिला. त्या घरात मला अजून कुणी पाणी विचारत नाही.

त्या दिवशी ओरडून दमल्यावर शेवटी चुलतीनं पान टपरीसमोरच मांडलं. विजेच्या तारेवर हजारभर कावळे. बरं, डझनभर धरा. एकही शिवेना. कावळा शिवला नाही की समजायचं, गेलेल्याची काही इच्छा राहिलीय. ती पुरी करायचा शब्द द्यायचा. चुलतभाऊ म्हणाला, पोराला सैन्यात धाडू. कावळे ढिम्म. मी दारू सोडतो म्हणालो. एक कावळा तर चक्क हसला.

टपरीवाल्यानं भज्यांचा झारा खाली ठेवला. पुढं आला, हात जोडून पुटपुटला, “बाबा, तुमची शिळा काढून देतो.”

कावळा झपकन उतरला आणि अख्खा वडा घेऊन गेला.

आम्ही कुणीच कावळ्याकडं पाहत नव्हतो. चुलतीनं आवाज एकदम खाली आणून टपरीवाल्याला विचारलं, “कुठं नेलीस?”

“नेली कुठं? शेगडीखाली हाय. शेगडी डुगडुगत होती.”