दत्ताच्या कोपराखालचा हात

माझी बायको गेली, तिला हे ठाऊक नव्हतं. मुलांना नाहीच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि तरी लिहिताना मनात येतंच, की हा माणूस हे वाचून पुढे कुणाला सांगेल? माझी ही जन्माची खोड. समोरचा माणूस खरं बोलतोय, असं मी चटकन कधी मानलंच नाही.

ठाण्याच्या एका कचेरीत मी कारकून होतो. आजारपणाच्या रजेचे अर्ज माझ्या टेबलावरून जायचे. कुणाचा ताप खरा आणि कुणाचा लग्नसराईतला, हे मी तोंडाकडे बघून सांगायचो. आप्पाच्या नजरेतून मुंगी सुटायची नाही, असं साहेब चारचौघांत म्हणायचे. ते मला फार गोड लागायचं. खोटं कशाला बोलू?

स्वातंत्र्य मिळून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. कल्याणहून मुरबाडकडे एका खासगी मालकाची मोटार जायची. एका लग्नाला म्हणून मी आणि माझा शेजारी दत्ता तिच्यात बसलो होतो. डोंबिवलीच्या आमच्या चाळीत दत्ताची खोली माझ्या भिंतीला लागून. धंद्याने शिंपी. वळणावर मोटार रस्ता सोडून खाली कलंडली. मला नुसतं खरचटलं. दत्ताचा उजवा गुडघा बाकाखाली सापडून चिरडला. शिंप्याचं मशीन पायावर चालतं, हे तुम्हाला सांगायला नको. दिवसभर भिंतीपलीकडून यायची ती खडखड त्या दिवसापासून बंद झाली. घरात म्हातारी आई, बायको, दोन पोरी. त्याने मोटारमालकावर कल्याणच्या कोर्टात भरपाईचा दावा लावला.

आता माझं डोकं कसं चाललं, ते ऐका. माझ्या शेजारच्या बाकावरचा एक गृहस्थ त्या मोटारीतून धोतर झटकत माझ्याआधी बाहेर पडला होता. पुढे तो कल्याण स्टेशनाबाहेर दिसला, तर डावा हात गळ्यात बांधलेला. पुन्हा दिसला तेव्हा गळ्यात उजवा हात! झालं. त्यानेही दावा लावलाय असं कळलं आणि मी ठरवून टाकलं — सगळे एका माळेचे मणी.

मग दत्ताही का नसावा?

मी भिंतीला कान लावू लागलो. हो, अक्षरशः. पहाटे पलीकडे पावलं वाजायची, पण काठीचा ठोका नाही. दिवसा काठी टेकत जिन्यावर कण्हणारा माणूस पहाटे खोलीत फिरतो काय? ती पावलं त्याच्या आईची असतील, हे सुचलं नाही का? सुचलं होतं. मी ते बाजूला ठेवलं.

मालकाचा मुनीम चौकशीला चाळीत आला, तेव्हा त्याला मी आत बोलावून चहा पाजला. दत्ता नाटकी आहे, असं मीच आपणहून सांगितलं. मुनीम खूश. हेच कोर्टात सांगाल का, म्हणाला. मी हो म्हटलं. यासाठी मला कुणी काही दिलं नाही, कुणी धमकावलंही नाही. तेवढा आधार मिळाला असता तर बरं झालं असतं, असं पुढे कितीदा वाटलं.

तारीख लागायच्या आधी दत्ताची आई वारली.

स्मशानात काठी टाकून, अनवाणी, पाण्याने भरलेलं मडकं डाव्या खांद्यावर घेऊन तो चितेभोवती फिरायला उभा राहिला. एकुलता एक मुलगा; दुसरं कोण फिरणार? मागून मेव्हणा दगडाने मडक्याला भोक पाडत होता. पहिल्याच फेरीत दत्ता डगमगला. मी सगळ्यांत जवळ होतो. मी त्याच्या उजव्या कोपराखाली हात दिला आणि तिन्ही फेऱ्या तसाच चालवला. त्याचा सगळा भार माझ्यावर होता. पोतं पाठीवर कलतं तसा तो माणूस माझ्या हातावर कलला होता. गुडघा वळत नव्हता, पाय नुसता फरफटत होता. ते नाटक नव्हतं. मला ते तिथेच, त्याच क्षणी कळलं.

त्यानंतर पहाटेची पावलंही वाजली नाहीत. कशी वाजणार?

तरी मी कोर्टात गेलो. का? मुनिमाला शब्द देऊन बसलो होतो, आणि आता तो मागे घ्यायचा म्हणजे माझी नजर चुकली असं कबूल करायचं. आप्पाची नजर! ईश्वरसाक्ष खरं सांगेन म्हणून मी पिंजऱ्यात उभा राहिलो. मालकाच्या वकिलाने विचारलं, भरलेलं मडकं खांद्यावर घेऊन, काठी न घेता, याने तीन फेऱ्या घातल्या का? मी म्हटलं, घातल्या. हे खरंच होतं ना? मग दत्ताच्या वकिलाने विचारलं, त्याला कुणी धरलं होतं का?

मी म्हणालो, "नाही."

दत्ता बाकावरून अर्धवट उठला. रागावला नव्हता. मी विसरलो असेन, असंच त्याला वाटलं असावं.

"आप्पा, तुमचाच हात होता ना हो?"

न्यायाधीशांनी त्याला खाली बसवलं. मी त्याच्याकडे न बघता पुन्हा सांगितलं, मी मागे होतो, मी धरलं नव्हतं. स्मशानातले बाकीचे कोर्टाची पायरी चढायला तयार नव्हते; मेव्हण्याने साक्ष दिली, पण तो पडला नात्यातला. मी शेजारी, त्याच मोटारीत बसलेला, कसलाही स्वार्थ नसलेला माणूस. माझंच खरं धरलं गेलं. दत्ता दावा हरला.

पुढे त्याची बायको मशीन चालवायला शिकली. तो खाली बसून कापड बेतायचा. माझ्याविषयी चाळीत त्याने चकार शब्द काढला नाही. जिन्यात भेटला की बाजूला होऊन मला वाट द्यायचा. माझ्यातल्या संशयी माणसाला वाटायचं, याचा काहीतरी डाव असणार.

दोन-तीन वर्षांनी माझे वडील गेले. मडकं खांद्यावर घेऊन मी फिरत होतो, डोळ्यांपुढे अंधार आला, पाय अडखळला. तेवढ्यात माझ्या कोपराखाली एक हात आला. दत्ताचा. माझ्याबरोबर लंगडत त्याने ती फेरी पुरी केली.

आणि बापाच्या चितेपुढे, त्याच्या हातावर भार टाकून चालताना, माझी नजर कुठे गेली सांगू? खाली. त्याच्या पायाकडे. हा काठीशिवाय चालतोय का, ते बघायला.

काठी त्याच्या दुसऱ्या हातात होती.