समासातली उत्तरं

कटिंग मशीन चुकत नाही. चाक फिरवून दाब घट्ट केला आणि दांडा ओढला की पातं सांगितल्या जागीच उतरतं. चुकतो तो सांगणारा. त्या बाइंडिंगच्या दुकानातून बेचाळीस वर्षांत एकही पुस्तक वेडंवाकडं कापून बाहेर गेलं नव्हतं. मालक बोलायचे कमी, आणि बोलले की टोचायचं. म्हणून चर्चमधली मंडळी त्यांना मागून ‘दाभण’ म्हणायची. त्यांच्या कानावर ते आलं होतं. “दाभणाशिवाय शिवण होत नाही,” एवढंच ते म्हणाले.

वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी त्यांनी आईची प्रार्थनेची वही बांधायला काढली. थोरल्या नातीचं दृढीकरण चार आठवड्यांवर आलं होतं. लहानपणी तिच्या वतीनं आईबापांनी दिलेला विश्वासाचा शब्द त्या रविवारी ती मंडळीसमोर स्वतःच्या तोंडानं देणार होती. त्याच दिवशी वही तिच्या हातात द्यायची, हे आजोबांनी ती जन्मली तेव्हाच ठरवलं होतं. धाकटा भाऊ मोठा झाला की वही दोघांची.

आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती. चादरी धुऊन सोललेल्या हातांनी ती रोज एक ओळ लिहायची. कुणासाठी, काय मागितलं, बस. संध्याकाळी मुलांना समोर बसवून ती ओळ मोठ्यानं वाचायची, मग सगळे मिळून प्रार्थना. ती गेल्यावर वही ट्रंकेत गेली. पस्तीस वर्षांत बाइंडरांनी डांबरगोळ्या तेवढ्या बदलल्या, वही उघडली नाही. ती आपल्याला पाठ आहे, असंच ते धरून चालले होते.

काम त्यांनी नेहमीच्या शिस्तीत केलं, कागद बघून, मजकूर न वाचता. जुना दोरा उसवला, फाटक्या घड्या सांधल्या, शेवटी कोऱ्या पानांची एक घडी जोडली, नव्यानं शिवलं, पाठीला सरस लावला. आणि शनिवारी सकाळी, प्रत्येक पुस्तकाला करतात तसं, वहीच्या तीन बाजू कापून सारख्या केल्या. दुपारी रद्दीवाला कात्रणांची पोती घेऊन गेला. संध्याकाळी नात आली.

“आजोबा, कडेची अक्षरं अर्धीच का आहेत?”

“कुठे?”

“ही काय. सगळ्याच पानांवर.”

बाइंडरांनी चष्मा लावला. मागणं शाईत होतं. त्याच्यासमोर, पानाच्या अगदी टोकाच्या समासात, पेन्सिलनं मुंगीएवढी अक्षरं होती. मागितलेल्या गोष्टीचं पुढे काय झालं, ते आईनं तिथे टिपून ठेवलं होतं. कधी आठवड्यानं, कधी काही वर्षांनी. ते तिनं कधी मोठ्यानं वाचलं नव्हतं. आता प्रत्येक ओळीचं शेपूट पात्याखाली गेलं होतं. मागणी राहिली होती, उत्तरं कापली गेली होती.

मुलगा विमा कंपनीत होता. त्यानं समजूत घातली. “बाबा, मूळ मजकूर तर आहे ना? वही किती सुबक झालीय बघा.”

“सुबकच झालीय. तीच तर भानगड आहे.”

रद्दीवाल्याचा ट्रक सोमवारी पहाटे कागद गिरणीला निघायचा. मधे रविवार. बाइंडरांनी बेचाळीस वर्षांत रविवारी दुकानाची कडी उघडली नव्हती की उपासना चुकवली नव्हती. त्या रविवारी ते चर्चच्या दारापर्यंत गेले आणि पाळकांना म्हणाले, “माझा बैल विहिरीत पडलाय.” शब्बाथाच्या दिवशी विहिरीत पडलेला बैल कोण काढणार नाही, हा येशूचा सवाल आठवून पाळक हसले. “मग उभे काय राहिलात? काढा जा.”

गोदामात रद्दीवाला डब्यावर बसून चहा पीत होता. “मास्तर, रविवारी? काय अंगठी गेली की काय पोत्यात?”

“आईची उत्तरं गेलीत.”

“किती किलो असतील?”

“तराजूत येणार नाहीत ती. माझी पोती दाखव.”

तीन पोती जमिनीवर पालथी केली. पांढऱ्या कात्रणांत पिवळा कागद शोधायचा होता. नात, धाकटा आणि आजोबा गुडघ्यांवर बसले. थोड्या वेळानं रद्दीवालाही चहा ठेवून बसला. चारपर्यंत बुटांचं एक खोकं भरलं. बोटाच्या अर्ध्या पेराएवढ्या रुंद पट्ट्या, शेकड्यांनी.

मग तीन आठवडे रोज पाच ते सात दुकानाच्या मोठ्या टेबलावर तेच काम. पट्टीवर ओळींची टोकं तेवढी होती. ती कुठल्या पानाची, हे कळायला ते पान वाचावंच लागे, आणि पान वाचलं की कोण, काय, हे आजोबांना विचारावं लागे. ज्यांनी नातवंडांना जन्मात चार गोष्टी सांगितल्या नव्हत्या, त्यांना आता दिवसाला वीस सांगाव्या लागत होत्या.

“‘लं’, ‘लून’, ‘ली’,” धाकट्यानं पट्टी वाचली.

नातीनं पानावर बोट ठेवलं. “इस्त्रीवालीच्या मुलीला शाळेत घेऊ दे. समोर ‘घेत’, ‘चप्पल घा’, ‘गे’. घेतलं! चप्पल घालून गेली!”

“ती पुढे हेडबाई झाली,” आजोबा म्हणाले. “तुमच्या बाबाला छड्या मारल्यात तिनं.”

“आजोबा, आणि हे बघा. ‘वाण्याला सुबुद्धी दे.’ उत्तर : ‘दिली. वापरत नाही.’”

एका पट्टीवर मात्र बाइंडर अडले. ‘धाकट्याला कामात गोडी लागू दे.’ धाकटा म्हणजे ते स्वतः. समोर लिहिलं होतं, ‘लागली. जरा जास्तच.’ त्यांनी ते दोनदा वाचलं आणि चिकटवायला घेतलं.

दुसऱ्या आठवड्यात एकच मागणं पुन्हा पुन्हा यायला लागलं. ‘यांची दारू सुटू दे.’ समोर ‘नाही.’ पुढच्या महिन्यात तेच, आणि समोर ‘नाही.’ वर्षामागून वर्ष.

“‘यांची’ म्हणजे कुणाची?” नातीनं विचारलं.

“माझ्या वडिलांची.”

“पणजोबा तर चर्चमध्ये पेटी वाजवायचे ना?”

“वाजवायचे. शुद्धीत असले की.”

मुलगा तेव्हाच ऑफिसातून मुलांना न्यायला आला होता. त्यानं वडिलांना बाजूला घेतलं. “पोरांना हे कशाला, बाबा? काही पट्ट्या हरवल्याच आहेत. त्यांत याही हरवल्या म्हणायच्या.”

“हरवल्या त्या हरवल्या. सापडलेली मी टाकणार नाही. एकदा न बघता कापलंय, आता बघून कापू?”

“अहो, पण तिच्या दृढीकरणाची भेट आहे ती! अकरा वर्षं मागून आजीला मिळालं नाही, हे तिला वाचायला देणार?”

“हेच द्यायचंय. ‘नाही’ लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी परत मागायला बसली. वडील गेले त्या दिवसाचंही पान आहे. त्या दिवशीही बसली. ही पोरगी उद्या काही मागेल आणि मिळणार नाही, तेव्हा तिला काय दाखवशील? वाण्याचा विनोद?” ते टेबलाकडे वळले. “वारसा अख्खा द्यायचा असतो. निवडून देतात ती भाजी.”

 दुसऱ्या दिवशी मुलगा पाचलाच आला, बाह्या दुमडल्या आणि चिमटा उचलला. “यांची” असलेली पानं त्यानं स्वतःकडे घेतली.

दृढीकरणाच्या आदल्या संध्याकाळी शेवटची पट्टी बसली. सत्तावीस मिळाल्या नाहीत. त्यांच्या जागी बाइंडरांनी कोरा कागद जोडला, अंदाजानं काही लिहिलं नाही. वहीच्या कडा आता दातेरी होत्या, जागोजागी ठिगळं दिसत होती. ती परत मशीनवर चढवून सारखी करायला दोन मिनिटं लागली असती. त्यांनी चाकाला हात लावला नाही.

रविवारी उपासनेनंतर पाळकांनी वही उलटसुलट पाहिली. “मास्तर, तुमच्या दुकानातून असं काम?”

“असंच.”

घरी आल्यावर नातीनं मागची कोरी पानं उघडली आणि फूटपट्टी घेऊन समासाची रेघ मारायला बसली. बाहेरच्या कडेला नाही, आतल्या बाजूला, शिवणीलगत.

“समास उलटीकडे?” धाकटा म्हणाला.

“इथे पातं पोचत नाही.”

आजोबा तिच्या खांद्यावरून बघत होते. त्यांनी रेघेवर बोट ठेवलं.

“अजून बोटभर सोड. काही उत्तरांना अकरा वर्षांची जागा लागते.”

तिनं फूटपट्टी सरकवली.