मामेसासरे आणि राजीनाम्याचा कागद

माझ्या मामेसासऱ्यांइतका मन लावून कागद वाचणारा माणूस अख्ख्या इंदुरात दुसरा नसेल. ज्यांनी तो लिहिला तेसुद्धा इतका वाचत नाहीत. राजवाड्याजवळ मिक्सर घेतला, तर वॉरंटीचं कार्ड त्यांनी काउंटरवरच शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मागचं गिऱ्हाईक कुरकुरलं, तर शांतपणे म्हणाले, ‘भिया, जल्दी आपको है, मिक्सर मेरा है.’ आमच्या लग्नाच्या नोंदणीला साक्षीदार म्हणून नेलं, तेव्हा फॉर्ममध्ये माझ्या जन्मगावाच्या नावातली चूक काढून त्यांनी सही करायला नकार दिला, आणि कायद्याने आमचं लग्न एक दिवस लांबलं. तेव्हापासून मी त्यांना जरा टाळतच असे.

गेल्या वर्षी सांवेर रोडवरच्या आमच्या पॅकेजिंग कारखान्यात माणसं एकेक करून वरच्या केबिनमध्ये जाऊ लागली, आणि खाली येऊन कुणाशी न बोलता डबा उचलून घरी जाऊ लागली. मी तिथे बारा वर्षं मशीन चालवत होतो. तिसऱ्या दिवशी जेवणानंतर माझं नाव आलं. टेबलावर टाइप केलेला कागद तयारच होता : वैयक्तिक कारणास्तव मी राजीनामा देत आहे. एचआरच्या साहेबांनी पेन पुढे केलं. ‘साइन कर दो, एक्सपीरियन्स लेटर अच्छा बना देंगे. नहीं तो फिर देख लो.’ दारात सिक्युरिटीवाला उभा. पेन हातात घेतलं, पण कागदावर टेकवलं नाही. बाथरूमचं निमित्त करून मी उठलो आणि का कोण जाणे, बायकोच्याही आधी मामांना फोन लावला.

‘जावईबापू, तुम्ही नोकरी सोडताय का?’

‘नाही मामा, ते काढताहेत.’

‘मग उलटं का लिहून देता? राजीनामा दिलात तर पीएफ, ग्रॅच्युइटी मिळेल, पण नोटिशीचा पगार आणि छंटनीची, म्हणजे कामावरून काढल्याची, भरपाई गेली समजा. सही करू नका. काढतोय असं लेखी मागा, बस. मैं आ रिया हूँ.’

केबिनमध्ये परतलो. ‘मला काढत असाल तर तसं लेखी द्या,’ एवढंच मी म्हणालो. साहेब आधी चिडले, मग गोड झाले, मग नुसते मोबाइल बघत बसले. दोन तास गेले. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो होतो. हातांचा भरवसा वाटत नव्हता. शेवटी शिफ्ट सुटल्याचा भोंगा झाला आणि त्यांनी मला जाऊ दिलं.

फाटकाबाहेर मामा स्कूटरला टेकून उभे होते. आत सोडलं नव्हतं, म्हणून सूचनांची पाटी वाचत होते. ‘यात दोन चुका आहेत,’ म्हणाले. मी हसायला गेलो आणि रडूच आलं.

नोकरी वाचली नाही. दुसऱ्या दिवशी मला फाटकावरूनच परत पाठवलं. ‘मी कामावर आलो होतो, मला आत घेतलं नाही,’ असं पत्र मामांनी त्याच दिवशी माझ्याकडून रजिस्टर पोस्टाने पाठवून घेतलं. मग श्रम कार्यालयात अर्ज केला. प्रत्येक तारखेला ते माझ्या शेजारी बाकावर बसत, घरून आणलेलं ताक निम्मं मला देत. पाचव्या महिन्यात कंपनी नमली. सेवा संपवल्याचं रीतसर पत्र आलं, भरपाईसकट.

ते पत्र मामांनी आमच्या ओट्यावर बसून दोनदा वाचलं. मी चूक निघायची वाट बघत होतो. चूक निघाली नाही.

‘आमची मिल बंद झाली तेव्हा लाइन लावून सह्या घेतल्या,’ ते एकदम म्हणाले. ‘मागचे ढकलत होते. मी पण करून टाकली. राजीनामा होता, ते नंतर कळलं.’

इतक्या वर्षांत हे माझ्या बायकोलाही ठाऊक नव्हतं. मामांनी पत्राची घडी घातली, पुन्हा उघडली.

‘याची एक झेरॉक्स मला देता का?’

‘तुम्हाला कशाला, मामा?’

‘कशाला नाही हो. असं पत्र असतं कसं, ते मी कधी पाहिलं नव्हतं.’