घोडीशी बोलल्याचे दोन गुण

आमच्या घोडीला डाव्या डोळ्यानं दिसत नाही. वाटूरच्या एका वरातीत फटाका तिच्या तोंडाशी फुटला, तेव्हापासून. त्यामुळे आमच्या घरात रीतच पडली, तिच्या डाव्या अंगाला जायचं तर आधी बोलायचं. आई चारा टाकतानासुद्धा बोलते. पाहुण्यांना हसू येतं. येऊ दे.

याच घोडीवर मी ड्रेसाज शिकले. आखलेल्या चौकोनात घोड्यानं ठरलेल्या चाली करून दाखवायच्या, दुडकायचं, गोल घ्यायचा, थांबायचं. परीक्षक प्रत्येक चालीला दहापैकी गुण देतात आणि शेवटी टक्के काढतात. स्वारानं जे सांगायचं ते पायांनी, लगामानं, बसण्यातून. तोंडातून आवाज निघाला की त्या चालीचे दोन गुण कापले जातात. हा नियम ज्यानं केला त्याच्या दारात आमच्या घोडीसारखी घोडी नसणार.

संभाजीनगरच्या स्पर्धेत साठ टक्के मिळाले की राज्य पातळीवर जाता येणार होतं. मला तिथं जायचंच होतं. त्यासाठी मी दोन वर्षं घाम गाळला होता. सुरुवात झकास झाली. मग डावीकडे मंडपाचं कापड फडफडलं आणि घोडी जागच्या जागी थिजली. अंग थरथरत होतं, कान माझ्याकडे वळवून ती वाट बघत होती. मी कुजबुजले नाही. परीक्षकांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी हाय गं. चल."

ती चालली.

साठ टक्के थोडक्यात हुकले. गुणपत्रिकेवर त्या चालीपुढे शेरा होता, आवाज वापरला. घोडेस्वारी शिकवणारे आमचे सर चिडले. गप्प राहून टाच मारली असती तरी ती हलली असती, म्हणाले. खरंच आहे. टाचेला मनाई नाही, मनाई बोलायला आहे. मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं.

बाबा घोडीला धरून उभे होते. त्यांनी एवढंच विचारलं, "घाबरली व्हती का ती?" मी मान डोलावली. "मंग बराबर केलंस."

पुढच्या वेळी माझ्या तबेल्यातला चांगल्या नजरेचा घोडा घे, असं सरांनी सुचवलं.

"घोडी हीच राहील, सर," मी म्हणाले, "आणि मी बोलणार. ते दोन गुण आत्ताच वजा धरा."