आबांनी घेतलेल्या मुलाखती

फैजपूरच्या अंगाला, केळीच्या मळ्यांत माझं सासर. ज्याच्यामुळं ते सासर झालं तो माणूस लग्नानंतर दुसऱ्याच पावसाळ्यात तापानं गेला, आणि मी तिथंच राहिले. माहेरी भाऊ होता, पण त्याचं त्यालाच पुरत नव्हतं. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या थोडी आधीची ही गोष्ट.

आमच्यात विधवेचा पाट लावतात, म्हणजे दुसरं लग्न. सासूबाईंनी रावेरकडचा एक बिजवर हेरून ठेवला होता, त्यांच्याच नात्यातला, तीन लेकरांचा बाप. तो एकदा आमच्याकडं आला तेव्हा मी खिडकीतून बघितलं. जुंपलेला बैल गप उभा होता आणि हा त्याला पराणी टोचत होता. का, ते बैलालाही कळलं नसेल. मी तेव्हाच मनात म्हटलं, इथं नको. पण मला विचारतो कोण? आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, झाली की पाट, असं घरात धरूनच चालले होते.

एक आबा तेवढे वेगळे. आबा म्हणजे माझे सासरे. ते कधीकाळी लोकल बोर्डाचे मेंबर होते, आणि बोर्ड सुटलं तरी त्यांच्या अंगातून गेलं नव्हतं. शेजारच्या गावातल्या मुलींच्या शाळेला बाई मिळत नाही, हे त्यांच्या कानावर आलं. मी चौथी शिकलेली, आणि पुढचं माझं मीच, गुळाच्या पुडीचा कागदसुद्धा सरळ करून वाचायची. आबा म्हणाले, "ट्रेनिंगवाली बाई खेड्यात येत नही. तू जाय. माह्या शबुदाले आता वजन नही, पन मुलाखत चांगली दिली तं तुले घेतील." शाळेच्या मागं बाईला राहायला एक खोली होती. आबा पगाराचं बोलत होते आणि मी त्या खोलीला आतून कडी आहे का, याचा विचार करत होते.

मग तालीम सुरू झाली. दुपारची जेवणं झाली की आबा ओसरीवर बाजेवर बसायचे. नुसते नाही हो, डोक्याला पागोटं, अंगात बोर्डाच्या वेळचा कोट, भर चैतात. मी आत, स्वयंपाकघराच्या दाराआड, चौकटीला खांदा लावून उभी. सून सासऱ्यापुढं येत नसे, त्यामुळं मुलाखत अशीच व्हायची, आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

आबा सायबाचा आवाज काढून विचारायचे, "बाई, तापी नदी कोठे उगम पावते?"

"मुलताईस, साहेब."

"आया मुली पाठवीत नाहीत. तुम्ही काय कराल?"

"घरोघर जाईन. म्हणेन, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन आली तरी चालेल, पण येऊ द्या."

"वा." हा वा आबांचा स्वतःचा असायचा, सायबाचा नाही.

सासूबाई चुलीजवळून म्हणायच्या, "सायबाले इचारा, बाई शाळेत गेली तं भाकरी कोन थापीन?"

"मधात बोलनाऱ्याले सायब बाहेर काढतो."

"काढा ना. चुलीपासून काढलं तं मी पेढे वाटीन."

मी तोंडावर पदर धरून हसायची. त्या घरात हसायची तेवढीच वेळ. उत्तरं तर अशी पाठ झाली होती की भाकरी थापताना हाताच्या तालावर ओठ हलायचे. माझ्या डोळ्यांपुढं मात्र नेहमी एकच, दाराची फळी. तिच्यावरची गाठ, तिच्यातली चीर. सगळी उत्तरं मी त्या फळीला दिली.

आखाजीला थोडे दिवस राहिले असताना जळगावचं बोलावणं आलं. आबांनी सावद्याच्या स्टेशनापर्यंत गाडी जुंपली, तिथून आगगाडीनं आम्ही गेलो. बोर्डाच्या कचेरीत आबा बाहेर व्हरांड्यात बसले आणि शिपायानं मला आत नेलं. टेबलापलीकडं तीन पुरुष. अलीकडं खोलीच्या मधोमध एक खुर्ची, आडोसा कसलाच नाही.

"बसा बाई."

पुरुषांसमोर खुर्चीवर मी जन्मात बसले नव्हते. कशीबशी कडेला टेकले.

काळ्या टोपीतले गृहस्थ म्हणाले, "तापी नदी कुठे उगम पावते?"

प्रश्न तोच. उत्तर तोंडात होतं, दातांपर्यंत आलं होतं. पण समोर तीन तोंडं माझ्याकडं बघत होती आणि माझा जबडा उघडेना. त्यांनी पाणी मागवलं. मी पाणी प्याले. पुन्हा तेच. शेवटी मी खाली बघून म्हणाले, "मी दाराआडून सांगू का?"

एक जण हसला. काळी टोपी म्हणाली, "सांगा."

मी उठून बाहेर गेले, दाराला खांदा लावला आणि बोलू लागले. तापी, मुलताई, आया, कडेवरची भावंडं, हिशेब, कविता, जे विचारलं ते. आवाज असा सुटला की शिपाई स्टुलावरून उठून उभा राहिला.

आतून आवाज आला, "उत्तरं उत्तम आहेत, बाई. पण कधीतरी इन्स्पेक्टर शाळेत येतील. तेव्हा काय करणार?"

मी चौकट आणखी घट्ट धरली.

"नुसतं आत या आणि एवढंच म्हणा, की मी त्यांच्यासमोर शिकवीन. मग आम्ही बघतो."

माणूस चांगला होता. मी उंबऱ्यापर्यंत गेले. एक पाय आत टाकला. वाक्य केवढंसं ते. हात चौकटीवरून सुटेना, मान वर होईना. किती वेळ उभी होते कोण जाणे. मग कुणीतरी पुढच्या उमेदवाराला हाक मारली.

आबांनी व्हरांड्यातून सगळं ऐकलं होतं. स्टेशनावरून परतताना ते माझ्याकडं पाठ करून बैल हाकत होते. तसेच म्हणाले, "उत्तरं सारी बरोबर होती."

"हो."

"मीच तुले समोर बसवाले पायजे होतं."

"तुमच्यापुढं मी बसले असते का, आबा?"

त्यांनी विचार केला. "नही," ते म्हणाले.

आखाजी झाली आणि रावेरची माणसं आली. बिजवराची आत्या ओसरीवर बसून विचारत होती, मी आतून सांगत होते. पोळ्या येतात का, येतात. गुरांचं करशील का, करीन. एकही उत्तर अडलं नाही. आत्या सासूबाईंना म्हणाली, "पोरगी बोलाले चांगली, अन् वागाची रीत बी आहे. आमाले पसंत."

आबा तिथंच बसले होते. ते उठले आणि केळीला पाणी धरायचंय म्हणून मळ्यात गेले. पाण्याची पाळी त्या दिवशी आमची नव्हती, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.