घासलेली फरशी

मी लिहावं की नाही, कळत नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्यावं.

दिल्लीत एम.ए.च्या प्रवेशासाठी मुलाखत दिली होती. यादी त्याच दिवशी लागणार होती. जीव थाऱ्यावर राहीना, म्हणून सोबत आलेल्या वडिलांना, आप्पांना, घेऊन इंग्रज व्हाइसरॉयचा राजवाडा, म्हणजे आताचं राष्ट्रपती भवन, बघायला गेलो. आप्पांचा जन्म फरशीला पॉलिश करण्यात गेला. दरबाराच्या दाराशी त्यांनी चपला काढून हातात घेतल्या. पहारेकरी आपल्याकडचाच निघाला.

“काका, हे देऊळ नाही. घाला चपला.”

“ठाऊक आहे. पण एवढी घासलेली फरशी तुडवायला पाय धजत नाही.”

तो हसला, मीही हसलो. मग वाटलं, या झुंबरांखाली किती बूट मिरवले असतील. पण ज्यांनी गुडघ्यांवर बसून हा दगड आरशासारखा केला, त्यांच्यासाठी इथे हळू पाऊल टाकणारे आप्पा बहुधा पहिलेच. मीही बूट काढावेत का, हे मला ठरवता येईना. आप्पा मात्र वाकून फरशीचे सांधे बघत पुढे गेले होते.

बाहेर आल्यावर जमा केलेला फोन परत मिळाला. मित्राने यादीचा फोटो पाठवला होता. तीत माझं नाव होतं आणि आपल्या रीतीप्रमाणे मधोमध आप्पांचंही.